वापर

दवे वकिलांनी पहिल्याच दिवशी सांगितलं,
"वाट सोडू नका, कालिंदीबेन.
चालतो त्याचा हक्क. चालणं थांबलं
की हक्कावर गवत उगवतं."
म्हणून मी रोज जाते.
काम नसलं तरी जाते, गुडघा धरलेला असला तरी,
कोपऱ्यावरच्या चक्कीपर्यंत आणि परत.
पिशवीत काही नसतं.

बाबाजीपुऱ्यातला आमचा बोळ.
डावीकडे आमची भिंत, उजवीकडे अमीनांचा ओटा,
मध्ये किरीटभाईंची चंदेरी गाडी,
आणि गाडी नि भिंत यांच्यात
जेवढी मी उरते तेवढी जागा.
पदर खोचून, श्वास पोटात ओढून, अंग तिरकं करून,
आरशाला कोपर लागणार नाही अशी.
एकदा लागलं. त्याचाही अर्ज आहे,
पान चौऱ्याऐंशी.

आधी ते मला वहिनी म्हणायचे.
नोटीस गेल्यापासून, ओट्यावरून मोठ्यानं,
"वादीनं जरा बाजूला व्हावं."

कागद आहे आमच्याकडे. आजेसासऱ्यांचा, मोडीत.
रावपुऱ्यात एक म्हातारा अजून मोडी वाचतो,
ओळीचे वीस रुपये. भिंग धरून त्यानं वाचलं:
दक्षिणेस येण्याजाण्याची वाट, भरली गाडी सुखे जाईल इतकी.
येताना मी पेढे आणले.
किरीटभाईंनी डभोईहून दुसरा म्हातारा आणला.
त्यानं वाचलं: भरली घागर.
पहिलं अक्षर ग की घ, आणि पुढचं वाळवीच्या पोटात.
अकरा वर्षं कोर्ट त्या भोकाकडे बघतंय.

मध्ये कोर्टाचा कमिशनर आला, टेप घेऊन.
एक टोक मी धरलं, दुसरं किरीटभाईंनी.
सहा फूट दहा इंच. दोघांनीही मान डोलावली.
मग चहा कुणाकडचा घ्यायचा,
यावर तो बिचारा बॉनेटला टेकून थोडा वेळ उभा राहिला
आणि न पिताच गेला.

वही ठेवायला वकिलांनीच सांगितलं.
गाडी कधी असते, कधी नसते, वेळेसकट.
मंगळ, गुरू, शनी: सकाळी सहाला नाही, साडेअकराला परत.
तीन वर्षं, एक खाडा नाही.
दवेंनी लाल पेनानं खूण केली. "उत्तम!
म्हणजे हलवता येते त्याला, मनात असलं की."

मागच्या सीटवर नयनाबेन असायच्या.
हाताला पट्टी, जाताना नाही, येताना.
मला दिसत होतं. वहीत त्याला रकाना नव्हता.
एकदा स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाल्या,
"आज मोडं झालं तुम्हाला."
दहाच मिनिटं झाला होता उशीर.
मी खिडकीवरून गेले की त्या कुकर उतरवायच्या,
हे मला त्यांच्या सुनेनं सांगितलं,
नंतर.

फाल्गुनात त्या गेल्या.
त्या दिवशी गाडी बाहेर रस्त्यावर काढली होती.
बोळातून तिरडी निघाली, चौघे खांदेकरी, पुढे मडकं धरलेला मुलगा.
सुखे गेली.
मी आमच्या भिंतीला पाठ लावून उभी होते
आणि मनात, देवा, मोजत होते.

वैशाखात त्यांनी गाडी विकली.
आता तिथे तेलाचा एक डाग आहे, मांजर झोपेल एवढा,
बाकी सगळं रिकामं.
गवताची गाडी जाईल, बैलांसकट.
मी जाते ती अजून भिंतीला धरून, तिरकी,
नसलेल्या आरशापासून कोपर वाचवत,
कडेवर काही भरलेलं असावं तशी, जपून.
किरीटभाई ओट्यावर असतात. काही म्हणत नाहीत.
काल चक्कीवरून परतताना
त्यांनी घड्याळात बघितलं.

वहीत काय लिहायचं, दवेंना विचारायचंय.
पुढची तारीख नऊ जुलै.